उद्धवशेठची भुणभुण

उद्धवशेठना जगातली कुठलीही वस्तू दाखवा, ते आधी ती अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतात. तेलुगू मुलखाच्या काठावरच्या बोथच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. सगळा जन्म कापड चोळण्यात गेला, त्यामुळे ती दोन बोटं आता मालकाचं ऐकत नाहीत. भाजीवालीची मेथी चोळतात, लग्नाची पत्रिका चोळतात. मंडल ऑफिसातून, म्हणजे आमच्या तालुक्याच्या कचेरीतून, आलेला कागद वाचायच्या आधी चोळतात आणि म्हणतात, "कागद हलका आला. काम होत नाई." बहुतेक वेळा काम होत नाही. एकदा ताप आला म्हणून दवाखान्यात गेले, तर डॉक्टर यांची नाडी बघत होते आणि हे डॉक्टरांच्या कोटाची बाही. शेवटी निदान यांनीच आधी केलं. "साहेब, तुमाले फसवलं. याच्यात सूत कमीच हाये."

माझं वह्या-पुस्तकांचं दुकान त्यांच्या दुकानासमोर. गिऱ्हाईक नसलं की ते रस्ता ओलांडून माझ्याकडे येतात, एखादी वही उचलतात, पान चोळतात, नाक मुरडतात आणि बसतात. माझ्या मालाचा असा अपमान मी वर्षानुवर्षं चहा पाजून करून घेत आलो आहे.

तर अशा या माणसानं घरच्या गाण्याच्या सेटसाठी अँप्लिफायर आणि डिजिटल कन्व्हर्टर निवडायला घेतला. त्याचं कारण मात्र गाणं नव्हतं. कारण होत्या रेणुकाबाई.

रेणुकाबाई म्हणजे उद्धवशेठच्या पत्नी. मुलगा पंकज हैदराबादला कंपनीत, सून मंजुषाही नोकरीत. नातू झाला तेव्हा रेणुकाबाई सव्वा महिन्यासाठी म्हणून हैदराबादला गेल्या. सव्वा महिना संपला, तर म्हणाल्या, "पोराची मान धरू द्या." मान धरली. मग दात येऊ द्या. दात आले. मग चालू द्या. हर्षदीप चालायला लागला, पळायला लागला, सोफ्यावरून उड्या मारायला लागला, आजोबांना फोनवर तेलुगूत दटावायला लागला, पण रेणुकाबाई तिथेच. उद्धवशेठ इकडे स्वतःचं पिठलं स्वतः हाटत आणि चोळून बघत.

तुम्ही म्हणाल, मग शेठनीच तिकडे जाऊन राहावं. गेले होते की. आठवडाभर राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पंकजच्या फ्लॅटचे पडदे चोळले आणि सुनेला सांगितलं, की हे पहिल्या धुण्यात आटतात. चौथ्या दिवशी शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंच्या ओढणीबद्दल लिफ्टमध्ये मत दिलं. पंकजनं त्यांना हळूच बाजूला घेतलं. आठवड्यानंतर शेठ बोथ फाट्यावर बसमधून उतरले तेव्हा सुटका झाल्यासारखे हसत होते, पण हातातली पिशवी मी घेतली तर म्हणाले, "राहू द्या भाऊ, तिनं भरून देलीये." आणि माझ्या गाडीवर घरापर्यंत ती स्वतःच धरून बसले.

'परत ये' असं मात्र त्यांनी बायकोला कधी म्हटलं नाही. हा माणूस गिऱ्हाइकाला गळ घालून चार सदऱ्यांचं कापड गळ्यात मारेल, पण घरात 'ये' एवढा एक शब्द तोंडातून निघायचा नाही. आणि रेणुकाबाईही 'येऊ का' असं विचारणाऱ्या नव्हेत. यांनी बोलवावं म्हणून त्या आणि त्यांनी विचारावं म्हणून हे, अशी दोघंही वाट बघत होती.

रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की फोन. उद्धवशेठ फोन कायम स्पीकरवर ठेवून बोलतात, कारण कानाला लावला की गालाला गरम लागतो. त्यामुळे त्यांच्या संसाराचा श्रोता मीही आहे.

"जेवले का?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"पिठलं."

"बरं."

"बरं."

झाला फोन. सगळ्या दिवसाचं बोलणं एवढंच. मग शेठ फोनकडे थोडा वेळ बघत, काचेवरून अंगठा फिरवत आणि खिशात घालत.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी जेवणं झाली की दोघं ओसरीत बसत. त्या उद्याची भाजी निवडत आणि हे गाणी लावत. बोलणं तेव्हाही फार नसे, पण मध्ये गाणं असे. स्पीकर होते गावातल्या बंद पडलेल्या टॉकीजमधले, शेठनी कधी तरी उचलून आणलेले. धान्याच्या कोठीएवढे उंच. नेरडीगोंड्याची एक पाहुणी तर त्यांना कपाट समजून त्यात साडी ठेवायला दार शोधत होती. रेणुकाबाई गेल्या त्याच पावसाळ्यात वीज कडाडली आणि जुना अँप्लिफायर जळाला. शेठनी तो दुरुस्तही केला नाही, नवाही आणला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "कोनासाठी वाजवू? मेथी निवडाले कोन हाये?"

मग मागच्या दिवाळीत रेणुकाबाई फोनवर म्हणाल्या, "हर्षूची शाळा जूनमंदी सुरू होते. मंग मले काय काम? येतो मी."

"बरं," शेठ म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझं शटर पुरतं वर गेलं नव्हतं तर खालून वाकून आत शिरले. "भाऊ, अँप्लिफायर घ्याचा हाये. जूनच्या आत."

आता त्यांच्यासाठी तो सेट म्हणजे काय होता, हे मला कळत होतं. सेट तयार, तर ओसरी तयार. ओसरी तयार, तर मेथी निवडणारी माणसं पहिल्यासारखी बसणार. माणसं घराला रंग काढतात, यांनी आवाज काढायला घेतला.

पण निवड सोपी नव्हती. काळ बदलला होता. पूर्वी कॅसेट घातली की झालं. आता गाणी लॅपटॉपमध्ये, म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायला वेगळा डबा लागतो, तो कन्व्हर्टर. तो आवाज मोठा करून स्पीकरला द्यायला अँप्लिफायर. शेठनी रात्रंदिवस मोबाईलवर माहितीचे व्हिडिओ बघितले आणि शेवटी सगळं शास्त्र आमच्या मुलखाच्या भाषेत आणलं. रेणुकाबाईंना फोनवर समजावताना मी ऐकलं.

"हे पाय, गाणं लॅपटॉपमंदी राह्यते थे कापसासारखं. बोंड. थे काई नेसता येते का?"

"नाई."

"कन्व्हर्टर म्हंजे त्याचं सूत काढनारा. अन अँप्लिफायर म्हंजे माग. सूत खराब असलं तं माग काय करते?"

"अन स्पीकर?"

शेठ जरा अडखळले. "स्पीकर म्हंजे… नेसनारी बाई."

"मंग बाई म्हातारी झाली म्हना ना तुमची. टॉकीजपासून नेसून राह्यली."

पलीकडून हसू आलं. त्या घरातून इतक्या वर्षांत आलेलं पहिलं मोठं हसू. फोन त्या दिवशी बराच चालला. आणि तिथून पुढे रोज चालायला लागला. रेणुकाबाईंना अँप्लिफायरमध्ये काडीचा रस नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पण त्या रोज विचारत, "मंग? कोनता पायला आज?" आणि शेठ सांगत. पिठल्यावर दोन शब्दांत संपणारा संसार अँप्लिफायरवर तासभर पुरायला लागला.

पहिला आला तो एवढासा, साबणाच्या वडीच्या डब्याएवढा. कुरियरनं. मी, शेठ आणि आमचा वायरमन लखन असे परीक्षक बसलो. गाणं लागलं. मला छानच वाटलं. चकचकीत, टणटणीत. शेठनी डोळे मिटले, हवेत बोटं चोळली आणि मान हलवली. "खळीचा आवाज हाये. दुकानात कडक लागते. पयल्या धुन्यात लेंगरून मऊ होईन." डबा परत.

दुसरा बघायला आम्ही नागपूरला गेलो. त्याच्या डोक्यावर काचेचे दिवे होते आणि ते मंद जळत होते. दुकानदार इतक्या हळू आवाजात बोलत होता की मला वाटलं आपण गाभाऱ्यात आलो. आवाज खरोखर सुंदर होता. शेठ बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "पैठनी हाये. पन मले रोज नेसाची साडी पाह्यजे, भाऊ. ही नेसून तिले मेथी निवडता येते का?" दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

तिसरा तिथेच मिळाला. काळा, बिनचेहऱ्याचा, आत मोठा ट्रान्सफॉर्मर असलेला. शेठनी ऐकायच्या आधी तो उचलून बघितला. "वजन हाये." बटण फिरवून बघितलं, मग अर्थात चोळलं. मग ऐकलं. "सूत. धुतलेलं." घेतला. त्याच दुकानातून कन्व्हर्टर घेतला, तोही डोळे मिटून, बोटं चोळून. येताना बसमध्ये अँप्लिफायर मांडीवर. मी म्हटलं खाली ठेवा, पायाला मुंग्या येतील. म्हणाले, "पोरगं खाली ठेवतेत का?"

संक्रांत झाल्यावर सेट लागला. गाण्याच्या आधी, गाण्याच्या मागे आणि गाणं संपल्यावर एक आवाज यायला लागला. भुणभुण. खोलीत एखादा भुंगा कोंडलाय आणि त्याला बाहेर जायची काही घाई नाही, असा आवाज. अँप्लिफायरच्या पत्र्याला हात लावला की बोटांना बारीक मुंग्या येत.

शेठ कोसळले. नव्या कोऱ्या ताग्यात मधोमध डाग निघावा, तसं त्यांचं तोंड झालं.

मग शोध सुरू झाला. लखननं टेस्टर लावला, बल्ब लावून बघितला. म्हणाला, "करंट तं बरोबर हाये, काका. मशीनच तशी असंल." मशीनवाल्यानं फोनवर सांगितलं की मशीन बरोबर आहे, तुमच्याकडचा करंट तसा असेल. शेठनी आधी जिनिंग मिलवर संशय घेतला, पण कापसाचा हंगाम उतरला, मिल थंडावली आणि भुणभुण चालूच. मग मागच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर. गिरणीवाला मेहुण्याच्या लग्नाला गेला, गिरणी बंद, भुणभुण चालू. मग हायवेवर. मी म्हटलं, "शेठ, हायवेचा अँप्लिफायरशी काय संबंध?" तर म्हणाले, "इतके ट्रक जातेत, धरनी हालत नसंल का?" कन्व्हर्टर बदलून दुसरा आणला. त्यातही भुणभुण. वायरी बदलल्या. जाड वायरी, मग त्याहून जाड वायरी. शेवटी तर एवढ्या जाड की त्यांनी बैल बांधता आला असता. लॅपटॉप पुस्तकावर ठेवून बघितला, पाटावर ठेवून बघितला. मोबाईलवरच्या एका तज्ज्ञानं रबराचे पाय लावायला सांगितले, तेही लावले. भुणभुणीला पाय फुटले नाहीत. ती होती तिथेच राहिली.

पण फोन बघा. फोन रोज चालला.

"आज हाये का भुनभुन?"

"हाये ना."

"कमी हाये का जास्त?"

"काल्च्यापेक्षा बारीक वाटते."

"लाइन बदलून पाह्यली का? स्वयपाकघरातून ओढा ना."

"थे पन पाह्यलं."

मग खूप वेळ हेच. हैदराबादच्या त्या फ्लॅटमध्ये कुकर लावता लावता रेणुकाबाई विजेच्या उपायांचा विचार करत असत. एकदा त्यांनी पंकजलाही कामाला लावलं, त्यानं कुठल्याशा मंडळींना विचारून पान दोन पान उत्तर आणलं. फोन ठेवायच्या आधी त्या शेवटी एक प्रश्न न चुकता विचारत.

"अन तुळशीले पानी टाकता ना?"

"टाकतो ना."

हे धादांत खोटं होतं. मागच्या अंगणात तुळशीवृंदावन होतं आणि त्यात एक काडी होती. तिला पान नव्हतं, मंजिरी नव्हती, चिमणीही तिच्यावर बसत नव्हती. मी एकदा तसं म्हटलं, तर शेठनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे काही बोललो नाही. "मी टाकलं तं थे जगते का? तिच्या हातची सवय हाये तिले," म्हणाले.

वैशाखात नेरडीगोंड्याला नात्यातलं लग्न निघालं आणि रेणुकाबाई हर्षदीपला घेऊन बोथला आल्या. आल्या आल्या पिशवी खाली ठेवायच्या आधी मागच्या अंगणात गेल्या. मी ओसरीत होतो. आतून आवाज आला नाही, यावरूनच काय झालं ते मला कळलं. शेठ भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान चोळत उभे राहिले.

रेणुकाबाई बाहेर आल्या. "टाकता ना पानी?"

"टाकत होतो…"

"काडीले?"

शेठ कॅलेंडरचं पुढचं पान चोळायला लागले. रेणुकाबाई शेजारच्या गयाबाईकडून रोप घेऊन आल्या, जुनी काडी काढली, माती मोकळी केली, रोप लावलं. आणि वैशाख म्हणून त्याच्यावर गळती बांधली. गळती म्हणजे तळाला भोक पाडलेलं मडकं, भोकात कापडाची वात. मडकं वर टांगायचं, आणि थेंब थेंब पाणी दिवसभर तुळशीवर पडत राहतं. आमच्याकडे उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर बांधतात, तशी बायका तुळशीवरही बांधतात. वातीसाठी कापड शेठनी दुकानातून आणलं. सगळ्यात तलम. रेणुकाबाई म्हणाल्या, "मांजरपाट चाललं असतं," पण आवाज जरा खाली आला होता.

लग्न झालं. पाहुणे गेले. आणि दुसऱ्या दिवशी शेठ माझ्या दुकानात असे आले, की जणू यांनाच मुलगा झालाय.

"भाऊ, भुनभुन गेली."

"काय केलंत?"

"काई नाई. कन्व्हर्टर बसला. नवी वस्तू बसाले वेळ लागते. कोऱ्या धोतराचं नाई का तसं."

संध्याकाळी मला ऐकायला बोलावलं. ओसरीत रेणुकाबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. हर्षदीप टॉकीजच्या स्पीकरमागे लपला होता आणि आपण लपलो आहोत हे सर्वांना ओरडून सांगत होता. शेठनी लॅपटॉप उघडला. गाणं लागायच्या आधी मी कान दिला. खरंच, काहीच नाही. सतार सुरू झाली ती जणू आमच्याच मधल्या जागेत कुणी वाजवतंय. मी आजवर शेठच्या बोटांची थट्टा करत आलो, पण त्या दिवशी मनातल्या मनात त्या बोटांना हात जोडले.

"कसं?" शेठ बायकोकडे बघत म्हणाले.

"चांगलं हाये," रेणुकाबाई म्हणाल्या. मेथीची काडी खुडली. "लय चांगलं हाये."

गाणं संपलं. दुसरं लागायला थोडा वेळ होता. त्या शांततेत त्या खाली बघूनच म्हणाल्या, "मंजुषाले दिवस गेलेत. दिवाळीच्या आसपास होईन."

जुन्या भुणभुणीत हे कदाचित ऐकू आलं नसतं. शेठ म्हणाले असते, "काय म्हणलं?" आणि ते त्या 'काय म्हणलं'मध्ये वाहून गेलं असतं. पण सेट फार चांगला झाला होता. प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला.

"म्हंजे जूनमंदी…" शेठ म्हणाले.

"मोठ्याले शाळेत सोडाचं, आनाचं. तिले उलट्या होऊन राह्यल्या. मंग बाळंतपन. कसं करू सांगा तुमी?"

इथे एक जागा होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रेणुकाबाईंनी विचारलं होतं, सांगा तुम्ही. शेठनी 'राहा' म्हटलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित मंजुषानं बाई लावली असती. पण शेठची बोटं लॅपटॉपच्या झाकणावर फिरली आणि ते म्हणाले, "लेकराचं पाह्यलं पाह्यजे. बरोबर हाये."

रेणुकाबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. मग मेथीचे देठ गोळा केले. "पैठनीवाला नाई घेतला थे बरं केलं," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

दोन दिवसांनी आम्ही त्यांना फाट्यावर हैदराबादच्या बसमध्ये बसवलं. हर्षदीपनं खिडकीतून आजोबांना तेलुगूत काहीतरी सांगितलं. शेठ म्हणाले, "सरे, सरे," म्हणजे 'बरं, बरं'. त्यांना तेवढंच येतं. बस गेल्यावर ते गाडीवर माझ्या मागे बसले. वाटेत एकदा माझ्या सदऱ्याची मागची कड त्यांनी दोन बोटांत धरली. मी वाट बघत होतो की आता काहीतरी म्हणतील, कच्चं सूत आहे, आटेल. काही म्हणाले नाहीत.

आठवड्याभरात भुणभुण परत आली.

शेठना आता राग यायचाही कंटाळा आला होता. "कन्व्हर्टर खराब निंगाला," एवढं म्हणाले आणि सेटवर चादर टाकली. पण फोनवर सांगितलं, आणि रेणुकाबाई परत कामाला लागल्या.

"अन गळती भरता का?"

"भरतो."

"फोनचा क्यामेरा करा. अंगनात चला. दाखवा मले."

हे नवीन होतं. शेठ फोन हातात धरून मागे गेले, मी त्यांच्या मागे. मडकं कोरडं ठाक. नव्या रोपानं मान टाकली होती.  रेणुकाबाई एवढंच म्हणाल्या, "उद्या परत पाहीन."

त्या दिवसापासून बोथच्या बाजारपेठेतला प्रतिष्ठित कापड व्यापारी दिवसातून दोनदा दुकान सोडून मडकं भरायला घरी जायला लागला. मी विचारलं तर म्हणाले, "तपासनी हाये, भाऊ. इन्कम टॅक्सपेक्षा कडक हाये." रोज संध्याकाळी क्यामेरा, रोज तुळस. ती जगली. तिला नवी पालवी फुटली. शेठ फोनवर तिचं एक पान चोळून दाखवत.

आणि मग एके दिवशी भर दुपारी ते रस्ता ओलांडून आले आणि वहीला हात न लावता म्हणाले, "चला."

घरी सेटवरची चादर काढलेली होती. त्यांनी बटण फिरवलं. भुणभुण नाही. पत्र्याला हात लावायला सांगितला. मुंग्या नाहीत. मग मला मागच्या अंगणात नेलं. वृंदावनाच्या मागे त्यांनी थोडी माती उकरली होती. त्यात लोखंडी नळीचं गंजलेलं तोंड दिसत होतं, आणि त्यातून एक तार भिंतीकडे गेली होती.

"अर्थिंग," शेठ म्हणाले. "घर बांधलं तवा वायरमननं हितंच पुरली. म्हने हितं रोज बाई पानी टाकते, माती वली राहीन, वेगळी काळजी नाई. आमची माती काळी. वाळली की भेगा पडतेत अन नळीले सोडून देते. अर्थच भेटत नव्हता मशीनले."

मी नळीकडे बघितलं, वरच्या मडक्याकडे बघितलं. मडक्यातून एक थेंब सुटला, पानावर पडला, मातीत गेला.

"म्हणजे इतके महिने…"

"इतके महिने आपुन नागपूरची दुकानं हिंडून राह्यलो," शेठ म्हणाले. "अन पाह्यजे होता तांब्याभर पानी."

मी हसलो. हसू येण्यासारखंच होतं. बैल बांधण्याएवढ्या वायरी, रबराचे पाय, हायवेचे ट्रक. शेठही हसले, पण लवकर थांबले. मडक्याला हात लावून ते स्थिर केलं.

"सांगा आता वहिनींना," मी म्हटलं. "खूश होतील."

त्यांनी उकरलेली माती परत नळीवर लोटली.

संध्याकाळी फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. आधी क्यामेरा, तुळस, मडकं, पालवी. तपासणी पास. मग शेठ ओसरीत येऊन बसले. सेट चालू होता, दिवा लागलेला, आवाज नाही.

"मंजुषाची तब्बेत?"

"बरी हाये. आज जेवली जरा."

"हर्षू?"

"झोपला."

"बरं."

"बरं."

आणि थांबलं. इतक्या महिन्यांनी ते दोन 'बरं' परत एकमेकांसमोर येऊन उभे राहिले. मी शेठकडे बघितलं. आता सांगतील, नळीचं, मातीचं, तुझ्याच हाताचं पाणी होतं म्हणून. सगळं सांगण्यासारखं होतं. शेठच्या अंगठ्यानं तर्जनीवर दोन-तीन फेऱ्या मारल्या.

"अन भुनभुन?" रेणुकाबाईंनी विचारलं.

"हाये," उद्धवशेठ म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"अजून हाये? काऊन जात नसंल बाप्पा थे. कमी का जास्त?"

"आज जरा जास्त वाटते."

"थांबा, पंकजनं एक सांगतलं होतं. मी लिहून ठेवलंय. गॅस बंद करून येतो, ठेवू नका."

"नाई ठेवत. ये आरामात."

फोनमधून त्यांच्या पावलांचा आवाज लांब गेला, भांडं सरकवल्याचा आला, नळ सुरू झाल्याचा आला. उद्धवशेठ फोन तळहातावर धरून बसले होते. मी उठायला लागलो तर त्यांनी दुसऱ्या हातानं खाली बसायची खूण केली. त्या नळ बंद करून परत यायच्या होत्या, आणि तोवर त्या घरात दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं.